स्कॉटलंडमधले स्वातंत्र्याचे मोर्चे: नव्यानं आलेल्यांसाठी

ग्लासगो किंवा एडिनबरात नवीन आलात की एखाद्या शनिवारी बस वळवलेली दिसेल, रस्ता अडवलेला असेल आणि निळ्या-पांढऱ्या झेंड्यांचा लोंढा समोरून जात असेल. वर्गातलं किंवा ऑफिसातलं कुणी म्हणेल, "चल की." जरूर जा, पण थोडी माहिती घेऊन.

मोर्चा कुणाचा आहे ते आधी ओळखा. निळ्या कापडावर पांढरी तिरकी फुली, ‘येस’चे फलक, बॅगपाइप, बाबागाडीतली पोरं, अंगावर झेंडा बांधलेली कुत्री असतील, तर तो स्वातंत्र्यवाद्यांचा, म्हणजे स्कॉटलंडनं ब्रिटनपासून वेगळं व्हावं म्हणणाऱ्यांचा (‘येस’ म्हणजे स्वातंत्र्याला हो). गळ्यात नारिंगी पट्टे, शिस्तीत चालणाऱ्या रांगा, बासऱ्या, मोठे ढोल आणि युनियन जॅक दिसले, तर तो ऑरेंज ऑर्डरचा, म्हणजे ब्रिटनसोबतच राहावं म्हणणाऱ्या प्रोटेस्टंट संघटनेचा. ग्लासगोत जुलैच्या सुरुवातीला यांचा मोठा मोर्चा असतो. ढोल ऐकून आपल्याला गणपतीची मिरवणूक आठवते, पण इथे मधूनच घुसून पलीकडे जायचं नाही. रांग तोडलेली त्यांना अजिबात खपत नाही. रांग संपेपर्यंत थांबा. आणि कुठल्याही मोर्चाला सेल्टिकचा हिरवा-पांढरा किंवा रेंजर्सचा निळा शर्ट घालू नका. राजकारणात फुटबॉलचं भांडण मिसळलं की प्रकरण चिघळतं.

मोर्चा काढणाऱ्यांना १९८२ च्या कायद्यानुसार काउन्सिलला (म्हणजे इथल्या महापालिकेला) आणि पोलिसांना २८ दिवस आधी कळवावं लागतं. वेळ आणि मार्ग यांवर काउन्सिल अटी घालू शकतं. मे २०१९ मध्ये ग्लासगोत काउन्सिलनं सकाळी ११ ची वेळ दिली होती, मोर्चा दुपारी दीडला निघाला, आणि त्याबद्दल एका आयोजकाला तुरुंगात जावं लागलं. नुसतं चालणाऱ्याला ही भीती नाही. परवानगी असलेल्या मोर्चात चाललात म्हणून व्हिसा अडचणीत येत नाही, पण गुन्हा सिद्ध झाला तर येऊ शकतो. म्हणून धक्काबुक्की सुरू झाली की बाजूच्या गल्लीत व्हा. अटक झालीच तर नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थान आणि नागरिकत्व सांगा. बाकी काहीही वकील भेटल्यावर.

ग्लासगोत नेहमीचा मार्ग केल्विनग्रोव्ह पार्क ते ग्लासगो ग्रीन. पायी दीड-दोन तास धरा. छत्री नेऊ नका, इथला वारा ती उलटी करतो. टोपीचं रेनकोट-जॅकेट आणि मळलेले चालतील असे बूट हवेत.

आता मुख्य प्रश्न: यानं स्वातंत्र्य जवळ येतं का? आमचं स्पष्ट मत असं की मोर्चा आपल्या माणसांना धीर देतो, कुंपणावरच्याला अलीकडे आणत नाही. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात ८४.६ टक्के मतदान झालं; स्वातंत्र्याच्या बाजूनं ४४.७ टक्के, विरोधात ५५.३. त्याआधी दोनेक वर्षं पाठिंबा साधारण एक तृतीयांशावर होता. तो वाढला तो मुख्यतः दारोदार फिरून, गावातल्या हॉलमधल्या सभांतून आणि ओळखीच्या माणसांशी बोलून. पुढे २०१८-१९ मध्ये प्रचंड मोर्चे निघाले. एडिनबरात ऑक्टोबर २०१८ ला आयोजक म्हणाले एक लाख, काउन्सिलचा अंदाज वीस हजार, आणि चर्चा आकड्यावरच अडकली. उलट २०२० मध्ये कोविडमुळे रस्ते ओस होते, तेव्हा अनेक जनमत चाचण्यांत ‘येस’ पन्नास टक्क्यांच्या वर गेलं. ब्रेक्झिट आणि साथीच्या काळातला एडिनबरा सरकारचा कारभार, ही त्याची कारणं मानली जातात.

कारण सोपं आहे. जो ‘नो’ म्हणाला, त्याला पेन्शनची काळजी आहे, घराच्या कर्जाची आहे, पाउंड राहील का आणि इंग्लंडच्या सीमेवर तपासणी लागेल का ही आहे. याची उत्तरं फलकावर मावत नाहीत. झेंड्यांचा समुद्र पाहून तो आणखी दोन पावलं मागे सरतो. कडेला विरोधकांशी शिवीगाळ झाली तर संध्याकाळच्या बातमीत तेवढंच येतं.

मग मोर्चे फुकट का? नाही. १२ डिसेंबर १९९२ ला युरोपीय नेते एडिनबरात जमले असताना सुमारे २५ हजार लोक स्कॉटिश संसदेसाठी चालले. जगाचे कॅमेरे तिथे होते आणि मागणी एकच, नेमकी होती. तरी संसद मिळाली ती १९९७ ला लंडनमधलं सरकार बदलल्यावर आणि त्याच वर्षीच्या सार्वमतात ७४.३ टक्के लोकांनी हो म्हटल्यावर. आपल्याला हे नवं नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्ते पेटले, माणसं गेली, पण १९५७ ला समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली तेव्हा दिल्लीला ऐकणं भाग पडलं. इथे तर नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलंय की लंडनच्या संमतीशिवाय एडिनबराची संसद सार्वमताचा कायदा करू शकत नाही. म्हणजे दडपण आणायचं तर जागांच्या आकड्यांतूनच.

आणि त्यात तुमचा हात आहे, हे बहुतेक नवीन मंडळींना ठाऊकच नसतं. भारतीय पासपोर्टवर, वैध व्हिसा असताना, अगदी विद्यार्थी असलात तरी तुम्ही इथे मत देऊ शकता. स्कॉटिश संसदेला आणि काउन्सिलला वय १६ पासून, लंडनच्या संसदेला १८ पासून. पत्ता मिळाला की लगेच ऑनलाइन नोंदणी करा. मतदानाच्या १२ कामाच्या दिवसांआधी ती बंद होते. घर बदललं की पुन्हा करावी लागते, आणि इथेच बहुतेकांचं मत बुडतं. स्कॉटिश संसदेला दोन मतपत्रिका मिळतात, एक फिकट जांभळी मतदारसंघाची, एक पीच रंगाची प्रादेशिक यादीची. दोन्हीवर एकेकच फुली. काउन्सिलला मात्र फुली नाही, पसंतीक्रमानं १, २, ३ असे आकडे लिहायचे. फोटो ओळखपत्र फक्त लंडनच्या संसदेच्या निवडणुकीला लागतं.

स्थानिक लोकांशी बोलताना "तुम्ही कुणाला मत दिलं?" असं थेट विचारू नका. २०१४ ला एकेका घरात दोन तट पडले होते आणि काही घरांत तो विषय अजूनही जेवणाच्या टेबलावर काढत नाहीत. "तेव्हा इथे वातावरण कसं होतं?" असं विचारा. माणसं भरभरून बोलतात.