पैसे भरायच्या आधी कॉपी गेम कसा ओळखायचा

माझ्या आईला शब्दांचे गेम भारी आवडतात. मध्यंतरी तिच्या कार्डातून दर आठवड्याला पैसे कटत होते आणि तिला वाटत होतं आपण तोच गेम खेळतोय ज्याच्याबद्दल सगळे बोलतायत, मी फोन हातात घेऊन बघितलं तर नाव जवळपास तेच, रंग तेच, पण बनवणारा भलताच कुणीतरी. गेमची फारशी माहिती नसलेल्या माणसालाच हे लोक बरोबर गाठतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी हे बघा की ओरिजिनल गेम तुमच्या फोनवर आहे तरी का. निम्मी फसवणूक इथेच होते. वर्डल हा शब्द ओळखायचा गेम जानेवारी २०२२ मध्ये गाजला तेव्हा तो फक्त ब्राउझरमध्ये चालायचा, फुकट, त्याचं अ‍ॅपच नव्हतं. लोक अ‍ॅप स्टोअरवर शोधायला गेले आणि तिथे कॉप्या तयारच होत्या, काही तर पैसे मागणाऱ्या, नंतर अ‍ॅपलने बऱ्याच काढून टाकल्या. अनपॅकिंग या खोक्यांतलं सामान काढून लावायच्या गेमचंही तसंच, तो नोव्हेंबर २०२१ मध्ये पीसी आणि कन्सोलवर आला, मोबाइलवर नव्हता, तर दोन-तीन महिन्यांत त्याची सरळसरळ नक्कल फोनवर चार्टमध्ये वर जाऊन बसली. म्हणून गेमचं नाव आणि बनवणाऱ्याचं नाव आधी शोधा, आणि शक्यतो त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या लिंकनेच स्टोअरवर जा. स्टोअरच्या सर्चमध्ये पहिला दिसला म्हणजे तोच खरा असं अजिबात नाही, वरचा रिझल्ट बऱ्याचदा जाहिरात असते.

मग डेव्हलपरच्या नावावर टॅप करा, त्याचे बाकीचे गेम दिसतील. मला विचाराल तर सगळ्यात कामाची खूण हीच. पन्नास गेम, आणि प्रत्येक गेम म्हणजे त्या-त्या वेळी जे गाजत होतं त्याची नक्कल, असं दिसलं की तिथूनच परत फिरा.

रिव्ह्यू बघताना 'नवीन आधी' लावा आणि एक-दोन स्टारवाले वाचा. पाच स्टारवाले 'मस्त गेम' एवढंच लिहितात, त्यातून काही कळत नाही. 'प्रत्येक लेव्हलनंतर जाहिरात', 'व्हिडिओत दाखवलेला गेम हा नाहीच' अशा तक्रारी सारख्या दिसल्या की समजून जा.

आता सारखा दिसतो म्हणजे चोरीच, असंही नसतं हं. एकाची कल्पना दुसऱ्याने घेऊन पुढे नेली म्हणूनच गेम सुधारत आलेत, आणि कॉपीराइटसुद्धा नुसत्या खेळाच्या कल्पनेला मिळत नाही, चित्रं, आवाज, कोड यांना मिळतो. पण थ्रीज या आकडे जुळवायच्या गेमचं उदाहरण बघा, तो बनवायला १४ महिने लागले, फेब्रुवारी २०१४ मध्ये आला आणि महिन्याभरात १०२४ आणि २०४८ नावाचे त्याच्यासारखेच गेम आले. २०४८ वाल्या मुलाने निदान आपला गेम फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवला, पण तोच उचलून जाहिराती चिकटवून स्टोअरवर टाकणारेही कमी नव्हते. स्वतःला एवढंच विचारा, या माणसाने स्वतःचं काय घातलंय? काहीच सापडत नसेल तर तुमचे पैसे ओरिजिनलवाल्याला जाऊ देत, त्याने खरंच वर्ष-वर्ष घासलेलं असतं.

पीसीवर थोडं वेगळं असतं. तिथे तयार टेम्प्लेट आणि मॉडेल विकत घेऊन फक्त नाव बदलून विकतात, त्याला असेट फ्लिप म्हणतात. झाडं एका स्टाइलची, माणसं दुसऱ्या, मेनूचा फॉन्ट तिसराच, असे स्क्रीनशॉट दिसले तर थांबा.

आणि फसलातच तर लगेच हलायचं. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो, गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत मागा, अ‍ॅपलच्या 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' पेजवरून अर्ज करता येतो. नुसतं अ‍ॅप डिलीट करून सबस्क्रिप्शन बंद होत नाही, आईचं नेमकं हेच झालं होतं, तिने गेम कधीच काढून टाकला होता तरी पैसे जातच होते. स्टोअरच्या सेटिंगमध्ये सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन तिथून कॅन्सल करा, आणि घरातल्या मोठ्यांच्या फोनवरही ती यादी एकदा उघडून बघा.