कृष्णधवल छायाचित्रांच्या छपाईसाठी इंकजेट प्रिंटरचे टोन कसे जुळवावेत

पावसाळ्यातल्या मुंबईची कृष्णधवल छायाचित्रे प्रिंटरचा कस पाहतात. मरीन ड्राइव्हवरच्या आभाळात फिकट राखाडीच्या कितीतरी छटा असतात आणि फोर्टमधल्या भिजलेल्या दगडी कमानींखाली जवळजवळ काळ्या छटांची दाटी असते. संगणकावर सुट्या दिसणाऱ्या या सावल्या कागदावर उतरताना एकमेकींत मिसळतात, तेव्हा बहुतेक जण छायाचित्रच उजळ करून पुन्हा छापतात. तसे करू नये. दोष छायाचित्रात नसून त्या प्रिंटर, शाई आणि कागदाच्या जोडणीत असतो, आणि तो एकदा मोजून दूर केला की त्या कागदावरच्या पुढच्या प्रत्येक छपाईला उपयोगी पडतो.

आधी नॉझल चेक (शाईची सर्व छिद्रे मोकळी आहेत का हे दाखवणारी चाचणी छपाई) करून घ्यावा. मग कागदाचा प्रकार, छपाईचा दर्जा आणि काळ्या शाईचा प्रकार (मॅट कागदाला मॅट ब्लॅक, चकचकीत कागदाला फोटो ब्लॅक) ठरवून ते सेटिंग लिहून ठेवावे आणि शेवटपर्यंत बदलू नये. एप्सनच्या काही प्रिंटरमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’सारखा मोड उपलब्ध असल्यास तोच वापरावा, कारण त्यात मुख्यतः काळ्या-राखाडी शाया वापरल्या जातात आणि रंगाची झाक आटोक्यात राहते.

आता 0 ते 100 टक्के काळ्यापर्यंत दर 5 टक्क्यांनी गडद होत जाणाऱ्या 21 चौकोनांची पट्टी तयार करावी. आपली छायाचित्रे ज्या ग्रे प्रोफाइलमध्ये (राखाडीचा कोणता आकडा किती गडद दिसावा हे ठरवणाऱ्या फाइलमधल्या माहितीत) असतात, तेच प्रोफाइल पट्टीलाही हवे. छापलेली पट्टी किमान एक दिवस वाळू द्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा इतकी दमट असते की कागद ओलावा धरतो आणि शाई सावकाश सुकते, म्हणून कोरा कागद सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत ठेवावा आणि पट्टी व छायाचित्रे शक्यतो सारख्याच हवेत छापावीत.

वाळलेल्या पट्टीखाली त्याच कागदाचे दोन-तीन कोरे ताव ठेवून स्पेक्ट्रोफोटोमीटरने (छटा मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक चौकोनाचे ‘एल’ मूल्य, म्हणजे 0 ते 100 या मापावरचा उजळपणा, नोंदवावे. हे यंत्र महाग असते. ते नसेल तर ज्ञात घनतेची ग्रे स्केल (छटांचा गडदपणा आधीच मोजलेली तयार पट्टी) आपल्या पट्टीशेजारी ठेवून दोन्ही एकाच वेळी स्कॅन करावीत आणि तुलनेने मूल्ये काढावीत. स्कॅनरची सर्व स्वयंचलित दुरुस्ती मात्र बंद हवी.

गणिताआधी शेवटचे चौकोन नीट पाहावेत. 95 आणि 100 टक्क्यांची मूल्ये सारखीच आली, किंवा 100 टक्क्यांचा चौकोन उलट उजळ निघाला, तर कागदावर झेपेल त्यापेक्षा जास्त शाई पडते आहे. अशा वेळी ड्रायव्हरमधून शाईचे प्रमाण कमी करून पट्टी पुन्हा छापावी. ही गोष्ट कर्व्हने (छायाचित्रातल्या प्रत्येक छटेच्या जागी कोणती छटा छापायची हे ठरवणाऱ्या आलेखाने) सुधारू पाहणे व्यर्थ आहे, आणि माझ्या मते सावल्या बुजण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

समजा, कोऱ्या कागदाचे मूल्य 96 आणि सर्वांत गडद चौकोनाचे 18 आले. मॅट कागदाचा काळा साधारण एवढाच खोल जातो. चकचकीत कागदावर तो बराच खाली उतरतो, पण मॅटकडून ती अपेक्षा ठेवू नये. आपले काम या दोन टोकांमधले अंतर समान वाटणे एवढेच आहे. त्या हिशेबाने 50 टक्क्यांच्या चौकोनाचे मूल्य 57 हवे. प्रत्यक्षात ते 49 आले, म्हणजे मधल्या छटा गडद छापल्या जात आहेत. 40 टक्क्यांना 59 आणि 45 टक्क्यांना 54 मिळाले असतील, तर 57 हे मूल्य सुमारे 42 टक्क्यांना मिळते. म्हणून कर्व्हमध्ये 50 टक्क्यांच्या जागी 42 द्यावे. अशाच रीतीने आणखी सात-आठ बिंदू काढावेत. सगळे 21 बिंदू घातले तर मोजणीतल्या बारीक चुकाही कर्व्हमध्ये उतरतात आणि आभाळात पट्टे उमटतात.

हा कर्व्ह फोटोशॉप किंवा गिंपमध्ये जतन करून फक्त छपाईच्या प्रतीला लावावा, मूळ फाइलला नाही. क्वाडटोनरिप (कृष्णधवल छपाईचे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी मोजलेली मूल्ये त्यालाच द्यावीत. तो हे जुळवणे स्वतः करतो.

शेवटी कर्व्ह लावून पट्टी पुन्हा छापावी, वाळवावी आणि मोजावी. प्रत्येक मूल्य अपेक्षेपासून एक-दोन अंकांच्या आत असेल तर थांबावे, अन्यथा नव्या मोजणीवरून कर्व्ह थोडा सुधारावा. कर्व्हच्या नावात कागद, सेटिंग आणि तारीख लिहावी; कागद किंवा शाई बदलली की नवी पट्टी छापावी लागते.