रॉकर आर्मच्या शिमसाठी पोलाद निवडताना आणि भोके पाडताना या चुका टाळा

इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तरफा, म्हणजे रॉकर आर्म, ज्या दांड्यावर बसतात तो रॉकर शाफ्ट. त्याच्या स्टँडखाली (आधाराखाली) उंची वाढवायला बसणारी शिम म्हणजे दिसायला एक साधी चौकोनी पट्टी असल्यामुळे हाताशी असेल तो पत्रा कापून काम भागवण्याचा मोह होतो. त्याआधीची चूक मात्र हिशेबाची असते. इंजिनाचे हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) ०.५ मिमी घासले म्हणून शिमही ०.५ मिमीचीच हवी, असे अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह बंद असताना शाफ्ट उचलला की रॉकरचे पुशरॉडकडचे (खालून रॉकर ढकलणाऱ्या दांडीकडचे) टोक त्याहून जास्त वर जाते, त्यामुळे रॉकरचे गुणोत्तर (व्हॉल्व्हकडच्या आणि पुशरॉडकडच्या बाजूंच्या लांबीचे) १.५ असेल तर ही कसर ०.३ मिमीच्या शिमनेच भरून निघते. शिवाय टॅपेटच्या स्क्रूने क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) नीट बसत असेल आणि रॉकरचे टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर मध्याजवळ टेकत असेल, तर शिमच्या वाटेला जाऊच नये.

स्टँडखालच्या शिमवर बोल्टचा दाब येतो, घर्षण येत नाही. म्हणून ती कठीण असण्यापेक्षा सगळीकडे सारख्या जाडीची असणे महत्त्वाचे आहे. या कामाला कमी कार्बनचा कोल्ड रोल्ड पत्रा उत्तम. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा मऊ थर दाबाने बसतो आणि बोल्टचा ताण कमी होतो. निळसर स्प्रिंग स्टीलवर साधे हायस्पीड ड्रिल बोथट होते, आणि ते तापवून मऊ करायला जावे तर पट्टी वाकते. शाफ्टवर रॉकरच्या बाजूला बसणाऱ्या शिमची गोष्ट मात्र वेगळी आहे: तिथे सतत घासण असते, त्यामुळे कठीण केलेलेच वॉशर हवेत.

सर्वाधिक शिमा वाया जातात त्या ड्रिलखाली. पातळ पत्र्यात ड्रिलची पूर्ण रुंदी टेकण्याआधीच टोक आरपार जाते, आधार सुटलेले ड्रिल भरकटते आणि भोक गोल न होता तिकोनी होते. कधी तर पत्राच ड्रिलवर चढून पात्यासारखा गरगर फिरतो, म्हणून तो हाताने धरणे हा निव्वळ वेडेपणा आहे. दोन जाड सपाट पट्ट्यांमध्ये पत्रा घट्ट आवळावा आणि तिन्ही थरांतून एकदमच भोक पाडावे. मऊ पोलादात ८ मिमीच्या ड्रिलला मिनिटाला सुमारे १००० फेरे पुरतात. स्टेनलेसच वापरायचे असेल तर वेग निम्म्याहून कमी ठेवून दाब सलग द्यावा, कारण ड्रिल जागेवर नुसते घासत राहिले की तिथला भाग कडक होऊन बसतो.

भोक झाल्यावर कडेला बोटाला जेमतेम लागणारी कोर उरते. माझ्या हातून एकदा ती तशीच राहिली. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळले, इंजिन तापून थंड झाले आणि सारे टॅपेट पुन्हा जुळवावे लागले. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून दोन्ही बाजू हलक्या हाताने फिरवाव्यात आणि मग मायक्रोमीटरने चारही कोपरे व भोकाची कड मोजावी.

अनेक इंजिनांत रॉकर शाफ्टला तेल एकाच स्टँडमधून मिळते. त्या स्टँडच्या शिमला तेलाचे भोक पाडायचे राहिले, किंवा ते सरकून अर्धे झाकले गेले, तर शाफ्ट कोरडा पडतो. जोडणीनंतर टकटक ऐकू आल्यास क्लिअरन्सला हात लावण्याआधी झाकण काढून रॉकरपर्यंत तेल पोहोचते आहे का ते पाहावे. तेल येत असूनही रॉकर शाफ्टवर हाताने जड फिरत असतील तर एखाद्या स्टँडची शिम कमी-जास्त जाडीची आहे, असे समजून सगळ्या पुन्हा मोजाव्यात. मात्र काही इंजिनांत स्टँडचे बोल्ट हेडही धरून ठेवतात. तिथे ते सैल करण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पुन्हा आवळताना हेडचाच क्रम व टॉर्क पाळावा.