सभासदांची यादी संकेतस्थळावर टाकण्याआधी

नागपूरच्या धरमपेठ-रामदासपेठेतल्या डॉक्टर, सीए, वास्तुविशारदांच्या संघटना दरवर्षी छापायच्या ती डिरेक्टरी आता थेट इंटरनेटवर चढवतात. छापील पुस्तिका चार कपाटांत राहायची. ही जगभर जाते. ‘आपण ना नफा संस्था, आपल्याला कोण विचारतो?’ हा भ्रम आधी सोडा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात निव्वळ धर्मादाय नोंदणी आहे म्हणून सूट नाही, आणि सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे.

म्हणून सभासदत्वाच्या अर्जातच वेगळा रकाना ठेवा: नाव, दवाखान्याचा किंवा ऑफिसचा पत्ता, मोबाइल, ईमेल यांपैकी नेमकं काय दाखवायचं? प्रत्येकावर वेगळी खूण. आधीच टिचकी मारून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. नाव काढायला सांगणंही तेवढंच सोपं हवं. घरचा पत्ता आणि जन्मतारीख तर टाकूच नका. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहेच की!

दुसरा धोका कमी बोलला जातो. वर्गणी थकलेल्या किंवा परवाना रद्द झालेल्या माणसाचं नाव यादीत तसंच राहिलं, तर ग्राहक फसल्यावर बोट संस्थेकडे येतं. पानावर शेवटच्या पडताळणीची तारीख आणि ‘ही शिफारस नाही’ ही ओळ ठळक द्या. तेवढ्याने जबाबदारी पूर्ण टळत नाही, त्यामुळे दर तिमाहीला सचिवांनी यादी चाळायलाच हवी. पूर्ण यादीची एक्सेल फाइल मात्र डाउनलोडला कधीच ठेवू नका.