एबीएसचा दिवा लागला? आधी वायर बघा

पावसाळा संपता संपता माझ्या जुन्या हॅचबॅकचा एबीएसचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं, 'मॉड्यूल गेलंय,' म्हणजे एबीएसचा कंट्रोल बॉक्सच. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली. पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांसाठी लिहितोय.

पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर गाडी हलवू नका, टो करून न्या. फक्त पिवळा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. तेव्हा पुढच्या गाडीपासून लांब राहा.

ब्रेक ऑइल, फ्यूज, बॅटरी पाच मिनिटांत बघून झालं. मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. स्वस्तातले ब्लूटूथवाले बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात, म्हणून एबीएस वाचणारा मित्राकडून आणला. कोड आला सी००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या स्पीड सेन्सरचं सर्किट, सेन्सर आणि त्याची वायर मिळून. कोड सर्किटकडे बोट दाखवतो, सेन्सरच मेलाय असं म्हणत नाही. स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे प्रत्येक चाकाचा त्या क्षणाचा वेग, लावून, शेजारी एकाला बसवून, गाडी हळू चालवली. तीन चाकं ताशी २० किमी दाखवत होती, पुढचं डावं शून्यावर.

गाडी जॅकवर घेतली आणि स्टँड लावला. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही, यात तडजोड नको. माझा सेन्सर जुना, कॉइलवाला. मल्टिमीटरवर रेझिस्टन्स मोजला, उजवीकडे १.१ किलोओहम आलं. डावीकडेही तेवढंच! मी चक्रावलो. मग मीटर लावून ठेवून वायर हाताने हलवली, तसं रीडिंग उडालं. स्टिअरिंग वळवताना वायर जिथे वाकते, तिथे क्लिपजवळ आतली तार तुटली होती, वरचं रबर मात्र शाबूत. नव्या गाड्यांतल्या हॉल, म्हणजे चिपवाल्या, सेन्सरवर ओहमची ही चाचणी चालत नाही, तिथे लाइव्ह डेटाच बघा.

तिथे सोल्डर केलं नाही, कारण सतत वाकणाऱ्या वायरीचा सांधा पुन्हा तुटतो. वायरीसकट येणारा सेन्सरच बदलला. जुना हबमध्ये गंजून बसला होता, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. भोक घासून साफ केलं, सेन्सर जिचे दात मोजतो त्या आतल्या दातेरी रिंगवरचा चिखल ब्रशने काढला.

कोड पुसला, दिवा विझला. मोकळ्या खडीच्या रस्त्यावर ब्रेक दाबून पाहिला, तर पायाखाली पेडल थरथरलं. ही थरथर पहिल्यांदा जाणवली की माणूस दचकून पाय काढतो. काढू नका, एबीएस काम करतंय.