कवटीवरून बाई की पुरुष? या चुका टाळा

चिरेखाणीत, नदीकाठी किंवा रानात कवटी सापडली की पंचनाम्यापासूनच विचारणा सुरू होते: बाई की पुरुष? उत्तर चुकलं तर बेपत्ता माणसांच्या यादीतून नेमकं खरं नावच गळतं आणि ते कुटुंब वाट पाहत राहतं. घाईचं उत्तर म्हणूनच मला सर्वांत जास्त खुपतं.

आधी वय पाहा. वयात येण्यापूर्वीच्या कवटीवरून लिंग सांगूच नये, त्या खुणा तेव्हा उमटलेल्या नसतात. विशीतल्या मुलाची कवटी नाजूक असू शकते, तर वयस्क बाईची कवटी राकट होत जाते.

सर्वाधिक फसवतो तो कानामागचा मॅस्टॉइड उंचवटा. बरेच जण त्याची फक्त लांबी बघतात. बघायचं असतं ते एकूण आकारमान. शिवाय तो आतून पोकळ, हवेच्या कप्प्यांचा. आपली आम्लधर्मी जांभी माती आणि वर गोव्याचा पाऊस, यात तो लवकर ठिसूळ होऊन तुटतो. मग पुरुषाची कवटी बाईची वाटते. तुटलेल्या भागाला गुण देऊ नका. डोळ्याच्या खोबणीची वरची कड बोटाने चाचपा: धारदार असेल तर बाईकडे कल, बोथट असेल तर पुरुषाकडे. पण खोबणीत माती असेल तर आधी मऊ ब्रशने साफ करा. मोबाइलवरच्या फोटोवरून तर मत देऊच नका.

एकाच खुणेवर निकाल नको. भुवयांमधला उंचवटा, खोबणीची कड, मॅस्टॉइड, मानेमागची कड आणि हनुवटी या पाचही खुणांना १ (बाईकडे कल) ते ५ (पुरुषाकडे कल) असे गुण दिले जातात. जबडा वेगळा सापडला असेल तर तो त्याच कवटीच्या सांध्यात बसतो का, हे तपासल्याशिवाय हनुवटी मोजू नये.

ही प्रमाणं मुख्यतः परदेशी कवट्यांच्या संग्रहांवर बसवलेली आहेत. गोव्यात सापडलेली कवटी इथल्याच माणसाची असेल असंही नाही. ट्रॉलरवरचे खलाशी, बांधकाम मजूर, परदेशी पर्यटक, कुणाचीही असू शकते. कमरेची हाडं मिळाली तर कौल त्यांचा, कारण कवटीपेक्षा ती जास्त भरवशाची.

आणि हाडं उकळू नका, ब्लीचने धुऊ नका. जुन्या गोव्यातल्या संत ऑगस्टीनच्या भग्नावशेषांत मिळालेलं, जॉर्जियाची राणी केतेवान हिचं मानलं जाणारं हाड हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या डीएनए तपासणीमुळेच बोललं. गुण मधोमध आले तर अहवालात ‘अनिश्चित’ लिहा आणि एक धड दाढ डीएनएसाठी राखून ठेवा.