कोकणात तिकीट काढण्याआधी भरती-ओहोटी बघा

किनाऱ्यावर एखादी गोष्ट पैसे देण्याजोगी आहे का, हे बऱ्याचदा समुद्राची वेळच ठरवते. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला होडीचे पैसे पडतात. वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे साधारण 3 वाजता पूर्ण भरती. त्याआधी सहा तास, 9च्या सुमारास ओहोटी. अंदाजच आहे हा, त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा आणि परतायला उशीर करू नका.

मालवणच्या सिंधुदुर्गाला मात्र होडीशिवाय इलाज नाही, आणि ते पैसे वसूल होतात. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्यासाठी तरी जावंच. फक्त होडीवाल्याला आधी विचारा, "दादा, किल्ल्यावर थांबायला किती वेळ?" घाईघाईत परत आणणार असतील तर मजा नाही.

स्नॉर्केलिंगचं उलट. आधी पाण्याकडे बघा. गढूळ असेल तर स्वस्तातली राइडही महागच. डॉल्फिनची हमी देणाऱ्याला "दिसले नाहीत तर?" एवढंच विचारा. विजयदुर्गाला तर जमिनीवरूनच जाता येतं, शिवाय चिलखती तटबंदी, म्हणजे एकाबाहेर एक असलेले तट, बघायला अख्खी सकाळ हाताशी राहते.